जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुर्मीळ झालेला एखादा कोश किंवा शास्त्रग्रंथ पुन्हा छापलेला दिसला की आनंद होतो, आणि मागोमाग शंकाही येतात. हे नेमकं कशावरून छापलंय? पुरं आहे का? यातला उतारा आपल्या लेखात बिनधास्त द्यावा का? मी बरीच वर्षं अशी पुस्तकं वाचतो आहे, जमवतो आहे, आणि काही पुस्तकांची प्रुफंही तपासली आहेत. त्या काळात लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरं खाली आहेत.

पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती एकच का?

नाही. मजकूर होता तसा ठेवून पुन्हा छापला की ते पुनर्मुद्रण. मजकुरात भर घातली, काही वगळलं, चुका दुरुस्त केल्या की आवृत्ती बदलली. व्यवहारात मात्र हे शब्द सैल वापरले जातात आणि नुसत्या पुनर्मुद्रणावर ‘दुसरी आवृत्ती’ असं सर्रास छापलेलं असतं. म्हणून मुखपृष्ठावर भिस्त ठेवू नका. शीर्षकपान उलटा आणि त्यामागच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा.

मोनिअर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाचं उदाहरण घेऊ. तो पहिल्यांदा १८७२ मध्ये निघाला आणि १८९९ मध्ये त्याची खूप वाढवलेली आवृत्ती आली. आज नवाकोरा म्हणून जो कोश हाती येतो, तो बहुतेक वेळा १८९९ च्या पानांचीच छायाप्रत असतो. छपाईचं साल काहीही असो, कोशातलं ज्ञान १८९९ पर्यंतचंच आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: या कोशाच्या शेवटी भर आणि दुरुस्त्या यांची वेगळी पानं जोडलेली आहेत. मुख्य भागात शब्द मिळाला नाही म्हणून कोश मिटून ठेवण्याआधी ती पानं जरूर बघा.

पुनर्मुद्रणाचे प्रकार कोणते?

ढोबळपणे चार. पहिला प्रकार छायामुद्रित प्रतीचा. यात जुन्या पानांचे फोटो काढून किंवा स्कॅन करून ती पानं जशीच्या तशी छापतात. दुसऱ्या प्रकारात सगळा मजकूर नव्याने टाइप करून अक्षरजुळणी केलेली असते. तिसरा प्रकार संपादित आवृत्तीचा: मजकूर नव्याने जुळवलेला असतोच, शिवाय प्रस्तावना, टिपा, सूची आणि जमलं तर पाठभेदही (वेगवेगळ्या प्रतींतल्या मजकुरातले फरक) असतात. चौथा प्रकार मागणीनुसार छपाईचा. प्रती आधी छापून ठेवलेल्या नसतात, मागणी आली की एक प्रत छापली जाते.

खरं तर चौथा प्रकार हा छपाईचा एक मार्ग आहे. त्या मार्गाने उत्तम संपादित ग्रंथही येऊ शकतो आणि कुणीच न तपासलेला स्कॅनही येऊ शकतो. ‘मागणीनुसार छापलेलं म्हणजे वाईट’ असं म्हणणं त्यामुळे चुकीचं ठरेल. प्रत छापण्याआधी कुणी पानं उलटून पाहिली होती का, एवढं विचारायचं.

छायामुद्रित प्रत मुळाबरहुकूम असते ना? मग तीच सगळ्यांत भरवशाची नाही का?

पुष्कळदा हो. टाइप करताना घुसणाऱ्या चुका तिच्यात नसतात, पृष्ठांक मूळचे असतात, टाइप आणि पानाची ठेवण दिसते. मात्र कुठल्या मुळाबरहुकूम, हा प्रश्न उरतोच.

शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह छापखान्यात चढलेला असतानाच त्यात दुरुस्त्या होत होत्या. चूक दिसली की यंत्र थांबवायचं, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) बदलायचे आणि छपाई पुढे चालू ठेवायची. आधी छापून झालेले कागद टाकून दिले जात नसत, ते दुरुस्त कागदांबरोबरच बांधले जात. परिणामी एका प्रतीत एक पान दुरुस्त आणि दुसरं जुनं, तर शेजारच्या प्रतीत नेमकं उलट. चार्ल्टन हिन्मन यांनी फोल्जर ग्रंथालयातल्या प्रती पानागणिक ताडून पाहिल्या, सुमारे तीस प्रतींमधून सगळ्यांत स्वच्छ आणि दुरुस्त झालेली पानं निवडली आणि १९६८ मध्ये त्यांची छायामुद्रित प्रत काढली. तिच्यातलं प्रत्येक पान अस्सल आहे, पण त्या क्रमाने त्या पानांची एक प्रत १६२३ मध्ये कुणाच्याही हातात नव्हती. हिन्मन यांनी हे सगळं मोकळेपणाने सांगितलं, पान कुठून आलं त्याची नोंद दिली, म्हणून ते काम आदर्श मानलं जातं.

याच्या उलट, अनेक छायामुद्रित पुस्तकांत पुसट अक्षरं शाईने गडद केलेली असतात, वाचकाने समासात लिहिलेल्या टिपा पुसलेल्या असतात, डाग काढताना अनुस्वारही गेलेले असतात, आणि यातल्या कशाचाही उल्लेख कुठे नसतो. देवनागरीत एक टिंब गेलं की शब्द बदलतो. स्वच्छतेच्या नादात केलेली अशी दुरुस्ती मला डागांपेक्षा जास्त घातक वाटते.

पहिल्या आवृत्तीवरून केलेलं पुनर्मुद्रण घ्यावं की शेवटच्या?

तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. डार्विनचा जीवजातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ १८५९ मध्ये आला आणि १८७२ पर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी लेखकाने बदल केले. ‘सर्वांत समर्थ तेच टिकतात’ अशा अर्थाचं जे वचन डार्विनच्या नावावर सतत सांगितलं जातं, ते हर्बर्ट स्पेन्सरकडून घेतलेलं आहे आणि या ग्रंथात ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत आलं. आक्षेपांना उत्तरं देणारं एक अख्खं प्रकरण सहाव्या आवृत्तीत वाढलं.

आता समजा, १८५९ साली वाचकांना नेमका कशाने धक्का बसला याचा तुम्ही अभ्यास करताय आणि हातात सहाव्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे. तुमचा अख्खा लेख चुकीच्या पायावर उभा राहील, आणि पुस्तकात तसं छापलेलं नसेल तर ते कळणारही नाही. एर्न्स्ट मायर यांनी १९६४ मध्ये पहिल्या आवृत्तीची छायामुद्रित प्रत प्रस्तावनेसह काढली, तिची गरज यातूनच निर्माण झाली होती. विचारांच्या इतिहासासाठी पहिली आवृत्ती, लेखकाचं अखेरचं मत हवं असेल तर शेवटची, असा माझा साधा हिशोब आहे. व्याकरण, गणित, कोश अशा ग्रंथांसाठी मी बहुधा लेखकाच्या हयातीतली शेवटची सुधारित आवृत्ती शोधतो.

स्कॅनवरून छापलेल्या पुस्तकांत कोणत्या उणिवा आढळतात?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि यात मी स्वतः पोळलो आहे.

घडीचे नकाशे आणि तक्ते हा पहिला बळी. जुन्या प्रवासवर्णनांत, भूगर्भशास्त्राच्या आणि स्थापत्याच्या ग्रंथांत मोठा नकाशा घडी घालून चिकटवलेला असायचा. स्कॅन करणाऱ्याला दिवसात शेकडो पानं उरकायची असतात, तो घडी उलगडत नाही. पुनर्मुद्रणात मग नकाशाची नुसती पाठ दिसते, तीही कोरी. नकाशा छापला गेला तरी पुस्तकाचा आकार लहान केलेला असला तर ‘एक इंचाला इतके मैल’ हे प्रमाण खोटं ठरतं. वनस्पतिशास्त्राच्या रंगीत चित्रांचे करडे ठिपके होतात आणि पानाच्या कडेच्या दातऱ्यांवरून जात ओळखायची सोयच राहत नाही. जाड पुस्तकात शिवणीजवळच्या ओळी वाकतात, शेवटचं अक्षर आत जातं. कधी पानावर स्कॅन करणाऱ्याचं बोटही उमटलेलं असतं.

माझा अनुभव असा. एक जुना व्याकरणग्रंथ मी पुनर्मुद्रणातून वाचत होतो. दोनशे चोवीस पानानंतर पुन्हा दोनशे नऊ आलं. सोळा पानं दोनदा छापली होती आणि दोनशे पंचवीस ते दोनशे चाळीस ही सोळा पानं नव्हतीच. नव्या छपाईत घोळ झाला असं आधी वाटलं. सोळाच पानं का, हे लक्षात आल्यावर उलगडा झाला: तो एक पुरा फर्मा होता, म्हणजे एकाच मोठ्या कागदाच्या घड्यांतून झालेला पानांचा गठ्ठा. जुन्या बांधणी कारागिराकडून एक फर्मा दोनदा शिवला गेला आणि पुढचा राहून गेला. तीच प्रत ग्रंथालयात गेली, तिचाच स्कॅन झाला, त्याचंच पुस्तक झालं. दुसऱ्या ग्रंथालयाच्या प्रतीत ती सोळा पानं जागेवर होती, आणि मला हवं असलेलं समासाचं प्रकरण त्यातच होतं. प्रकाशकाला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. तेव्हापासून कुठलंही पुनर्मुद्रण हाती आलं की मी आधी पृष्ठांक तपासतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते वाचायला बसण्याआधीच करायचं असतं.

ओसीआर म्हणजे काय आणि त्याने मजकूर बिघडतो का?

पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर बनवणारी ही संगणकाची पद्धत. ती उपयोगी आहेच. तिच्यामुळे हजार पानांच्या ग्रंथात एक शब्द क्षणात शोधता येतो. बिघाड होतो तो न तपासलेला ओसीआर मजकूर थेट पुस्तक म्हणून छापला जातो तेव्हा.

जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो, हे सर्वांना माहीत आहे. देवनागरीतल्या खोड्या अधिक अवघड आहेत. जुन्या खिळ्यांत ‘ख’ हे अक्षर ‘रव’ सारखं सुटं दिसायचं. त्यामुळे ‘सैन्य रवाना झाले’ याचं ‘सैन्य खाना झाले’ होऊ शकतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या पुसट छपाईत सहज अदलाबदल होतात, आणि ‘घन’च्या जागी ‘धन’ किंवा ‘भार’च्या जागी ‘मार’ आला तर शब्द तपासणारी प्रणालीही काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. दंडाचा काना होतो, अवग्रह गायब होतो, जोडाक्षरं तुटतात. संस्कृत अवतरणांची सर्वांत जास्त दैना होते.

यावर उपाय माणसाच्या डोळ्यांचाच. २००० साली सुरू झालेल्या ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ या उपक्रमात एका बाजूला पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून स्वयंसेवक एकेक पान तपासतात. एकाने तपासलेलं पान पुढच्या फेरीत दुसरा तपासतो. असा मजकूर मी निर्धास्त वापरतो.

विकत घेण्याआधी पुस्तक कसं पारखायचं?

आधी हे शोधा की मूळ प्रकाशनवर्ष आणि कुठल्या आवृत्तीवरून छापलं हे स्पष्ट लिहिलंय का. चांगला प्रकाशक ते एका वाक्यात सांगतो. टी. एल. हीथ यांचं युक्लिडचं भाषांतर १९०८ मध्ये आलं, १९२६ मध्ये सुधारून निघालं, आणि डोव्हर या प्रकाशनसंस्थेच्या १९५६ च्या प्रतीत ती १९२६ च्या दुसऱ्या आवृत्तीची पूर्ण प्रत आहे असं छापलेलं आहे. वाचकाला एवढंच हवं असतं. ‘हे ऐतिहासिक महत्त्वाचं पुस्तक आहे, काही पानं अस्पष्ट असू शकतात’ असा सर्व पुस्तकांना चालणारा ठोकळेबाज मजकूर असेल, तर हे पुस्तक कुणी उघडून पाहिलं नसावं असं समजायला हरकत नाही.

मग पृष्ठसंख्या जुळवा. एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या नोंदीत मूळ पुस्तकाची पानं किती, चित्रं किती, नकाशे किती हे दिलेलं असतं. प्रस्तावनेची पानं तिथे वेगळ्या आकड्यांत मोजलेली असतात, ती विसरू नका. मूळ पाचशे चाळीस पानांचं आणि छायामुद्रित प्रत पाचशे पानांची, तर चाळीस पानं कुठे गेली हे विचारायलाच हवं. सूचीतले पाच-सहा शब्द निवडून ते दिलेल्या पानांवर आहेत का बघा. नव्याने अक्षरजुळणी केलेल्या पुस्तकांत सूचीचे पृष्ठांक जुनेच राहिलेले मी कितीतरी वेळा पाहिलेत. अशी सूची कुचकामी असते.

बहुखंडी ग्रंथ घेताना काही वेगळी काळजी?

सगळे खंड आहेत का आणि ते एकाच आवृत्तीचे आहेत का, एवढं बघा. पहिला खंड सुधारित आवृत्तीचा आणि उरलेले मूळ आवृत्तीचे, असे संच असतात. शेवटच्या खंडात बहुधा एकत्रित सूची असते, तो खंड सोडून बाकीचे घेण्यात अर्थ नाही.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय? ती साध्या पुनर्मुद्रणापेक्षा श्रेष्ठ का मानतात?

हस्तलिखितांतून आलेल्या ग्रंथाची ‘मूळ प्रत’ बहुधा उरलेलीच नसते. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं शतकानुशतकं चाललेलं असतं. कुणी ओळ गाळतो, कुणी समासातली टीप मजकुरात घेतो, कुणाला वाटतं इथे एक ओवी हवी होती. चिकित्सक आवृत्तीत उपलब्ध पोथ्या जमवून त्या अक्षरशः ताडतात, पोथ्यांची घराणी ठरवतात, सर्वांत जुना वाटणारा पाठ वर छापतात आणि बाकीचे पाठभेद तळाशी देतात. संपादकाने काय निवडलं आणि काय नाकारलं ते दोन्ही वाचकाला एकाच पानावर दिसतं.

मराठी माणसाला हे काम परकं नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतराने आणि नकलांनी पाठ बिघडला होता, म्हणून त्यांनी तो ताडून लावला, आणि शेवटी बजावलं की ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजावं. पाठसंपादनाची शिस्त इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. मी प्रुफं वाचायला बसतो तेव्हा ती नरोटी डोळ्यांसमोर असते.

आधुनिक काळातलं मोठं उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताचं. काम १९१९ मध्ये सुरू झालं, विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, एकट्या आदिपर्वाला १९३३ उजाडलं, आणि अठरा पर्वं १९६६ मध्ये पुरी झाली. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (ही दक्षिणेतली एक जुनी लिपी), मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या त्यासाठी तपासल्या गेल्या. सुखटणकर ते पूर्ण झालेलं पाहायला हयात नव्हते, १९४३ मध्ये ते गेले. अशा ग्रंथाचं तळटिपा गाळून केलेलं स्वस्त पुनर्मुद्रण माझ्या मते घेऊ नये. वरचा श्लोक तसाच असला तरी, तो का स्वीकारला याचा पुरावा गेलेला असतो.

जुनं शुद्धलेखन तसंच ठेवावं की आजच्या नियमांप्रमाणे बदलावं?

याला मराठीत ठरलेलं उत्तर आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच असं सांगितलंय की केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपर्यंतचं गद्य यांतले उतारे छापताना ते मुळाप्रमाणे छापावेत, आणि त्यापुढचं लेखन नव्या नियमांप्रमाणे छापावं. वाचकाची सोय आणि मजकुराचं जतन यांच्यामध्ये कुठेतरी रेघ मारायची होती, ती तिथे मारली.

सर्वसाधारण वाचकासाठी हे ठीक आहे. अभ्यासाच्या ग्रंथात मात्र मी त्याहून कडक राहीन. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ यांतले अनुस्वार उगाच नव्हते. त्यांतले काही शब्दाची व्युत्पत्ती सांगत, काही लिंग, वचन किंवा विभक्ती दाखवत. भाषेच्या अभ्यासकासाठी तो माल आहे, आणि ‘सोपं’ करताना तोच फेकला जातो. पद्यात धोका याहून मोठा. जुन्या शब्दांचा शेवटचा ऱ्हस्व इकार नव्या नियमाने दीर्घ होतो, ‘गति’ची ‘गती’ होते, लघू अक्षर गुरू होतं आणि वृत्त मोडतं. आर्या वाचताना जीभ अडखळली तर कवीला दोष देण्याआधी पुनर्मुद्रणाकडे संशयाने बघा.

संपादकाने बदल केलेच तर कोणते केले हे प्रस्तावनेत दोन ओळींत सांगावं. एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि ती फार कमी वेळा पुरी होते.

जुनं पुस्तक कुणीही छापू शकतो का? कॉपीराइटचं काय?

मुदत संपली असेल तर हो. मुदत देशागणिक वेगळी असते. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार बहुतेक ग्रंथांसाठी लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं. भारतात १९९२ च्या दुरुस्तीपासून ही मुदत ६० वर्षं आहे, युरोपीय संघात ७०, मेक्सिकोत १००. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा हिशोब प्रकाशनवर्षापासून होतो, तो जास्तीत जास्त ९५ वर्षांपर्यंत जातो. एकच पुस्तक एका देशात मुक्त आणि दुसऱ्या देशात बंद असू शकतं, ते यामुळे.

मूळ मजकूर मुक्त झाला तरी त्यावर नंतर चढलेले थर मुक्त होतातच असं नाही. नवी प्रस्तावना, टिपा, चित्रं, भाषांतर यांचा हक्क वेगळा चालतो. ब्रिटनमध्ये तर पानाच्या मुद्रणरचनेलाही प्रकाशनापासून २५ वर्षं संरक्षण आहे, म्हणजे कालच नव्याने जुळवलेल्या जुन्या पुस्तकाची पानं तिथे थेट फोटो काढून छापता येत नाहीत.

मूळ ग्रंथ तीनशे वर्षांपूर्वीचा आहे, मग त्याचं भाषांतर छापायला काय हरकत?

भाषांतरकाराचं वर्ष बघा. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ चा लॅटिन ग्रंथ. अँड्र्यू मॉट यांचं १७२९ चं इंग्रजी भाषांतर कुणीही छापावं. कोहेन आणि व्हिटमन यांचं १९९९ चं भाषांतर मात्र हक्कधारकांच्या परवानगीवाचून छापता येणार नाही. यातून वाचकाचा एक तोटा होतो: फुकट छापता येतात म्हणून जुनी, कालबाह्य भाषांतरंच सर्वत्र दिसतात, आणि लोक त्यांनाच मूळ ग्रंथाची भाषा समजतात.

जुनी पुस्तकं इतकी पिवळी, ठिसूळ का होतात? पुनर्मुद्रणाचंही तेच होईल का?

चिंध्यांपासून केलेला सोळाव्या शतकातला कागद अजून लवचिक आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं पुस्तक उघडलं की पानाचे तुकडे हातात येतात. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं. शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरत, त्यातून आम्ल तयार होऊन कागदाचे तंतू आतून तुटत जातात. त्या काळातल्या पुष्कळ ग्रंथांचं पुनर्मुद्रण ही हौस नव्हती, मूळ प्रती नष्ट होण्याआधीची धावपळ होती.

आज आम्लविरहित कागद मिळतो. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक १९९४ पासून आहे: सामू (पीएच) ७.५ ते १० च्या दरम्यान आणि पुढे तयार होणारं आम्ल शोषायला किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा. अशा पुस्तकात वर्तुळातलं अनंताचं चिन्ह छापलेलं असतं. संदर्भासाठी कायम ठेवायचा ग्रंथ असेल तर ते चिन्ह शोधा.

बांधणी कुठली घ्यावी?

कोश आणि रोज उघडायचे ग्रंथ शिलाईचेच घ्या. फर्मे शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट पडतं. कण्याला नुसता गोंद लावलेलं हजार पानांचं पुस्तक वर्ष-दोन वर्षांत पानं सोडतं. वरून पाहिलं की फरक कळतो: शिवलेल्या पुस्तकाच्या कण्यावर फर्म्यांच्या घड्यांच्या छोट्या कमानी दिसतात.

कुठल्या विषयांची जुनी पुस्तकं आजही कामाची आहेत?

गणितातली सिद्धता जुनी होत नाही. व्याकरणं आणि कोश जुने होतात, पण जुनेपणानेच मोलाचे ठरतात. शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर वाचायला शंभर वर्षांपूर्वीचाच कोश लागतो. शिलालेख आणि ताम्रपट यांचे ठसे छापलेले ग्रंथ तर अमोल, कारण मूळ दगड तेव्हापासून झिजलेला असतो आणि जुन्या ठशात आज न दिसणारी अक्षरं दिसतात. वनस्पतींची जुनी नावं बदललीत, चित्रं मात्र अजून वापरली जातात.

वैद्यक, औषधं, रसायनं आणि कायदा यांची जुनी पुस्तकं इतिहास म्हणूनच वाचा. जुन्या प्रयोगपुस्तकांत पारा आणि शिशाची संयुगं उघड्या हाताने हाताळायला सांगितलेली असतात. त्यातली कृती करून पाहू नका, त्यातलं औषध घेऊ नका. असा ग्रंथ छापणाऱ्याने पहिल्याच पानावर ही सूचना ठळक छापली पाहिजे.

जुन्या ग्रंथांत जातींबद्दल, स्त्रियांबद्दल, इतर समाजांबद्दल आज संताप येईल असा मजकूर असतो. तो काढून टाकावा का?

नाही. तो गाळला तर त्या काळचे लोक काय मानत होते याचा पुरावा पुसला जाईल, आणि ज्यांच्याबद्दल ते लिहिलं गेलं त्यांच्यावरच्या अन्यायाचाही. पण तो एकटा, काहीही न सांगता वाचकासमोर ठेवणंही मला बरोबर वाटत नाही. वसाहतकाळातल्या मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत डोक्यांची मापं घेऊन माणसांची प्रतवारी ठरवली आहे, आणि ते सगळं शास्त्राच्या भाषेत आहे. ते मोजमाप कुणी, कशासाठी केलं आणि पुढे ते कसं मोडीत निघालं, हे सांगणारी जाणकाराची प्रस्तावना अशा पुनर्मुद्रणाला हवीच. ती नसलेलं पुस्तक मी विद्यार्थ्याच्या हातात देत नाही.

लेखात संदर्भ देताना कुठलं वर्ष लिहायचं?

दोन्ही. मूळ वर्ष आधी, पुनर्मुद्रणाचं नंतर, आणि पृष्ठांक तुम्ही प्रत्यक्ष वापरलेल्या प्रतीचा. नुसतं पुनर्मुद्रणाचं वर्ष दिलं की १८९९ मधलं मत २०१५ मधलं वाटतं. छायामुद्रित प्रत असेल तर तसा शब्द घाला, म्हणजे मूळ प्रत असणाऱ्यालाही तोच पृष्ठांक चालेल.

इंटरनेट अर्काइव्ह, हाथीट्रस्ट यांच्यावर स्कॅन फुकट मिळतात. मग छापील प्रत कशाला?

शोधण्यासाठी स्कॅन, वाचण्यासाठी छापील, असं माझं चालतं. एखादा शब्द कुठे कुठे आलाय हे बघायला स्कॅनला तोड नाही. पण तळटिपा, परिशिष्ट आणि सूची यांत एकाच वेळी तीन बोटं घालून वाचायचा ग्रंथ असला की पडद्यावर दमछाक होते. आणि पुनर्मुद्रणाला नवी प्रस्तावना किंवा नवी सूची असेल, तर ती स्कॅनमध्ये नसतेच. तसं काहीही नसेल, नुसताच तो स्कॅन कागदावर उतरवलेला असेल, तर आधी स्कॅन चाळून बघा आणि मग ठरवा.

पुनर्मुद्रणात चूक सापडली तर काय करावं?

पान, ओळ, छापलेला शब्द आणि असायला हवा तो शब्द, अशी नोंद करा, आणि तो शब्द कुठल्या प्रतीत पाहिलात तेही लिहा. प्रकाशकाला पाठवा. काही प्रकाशक पुढच्या छपाईत शुद्धिपत्र जोडतात. उत्तर नाही आलं तरी तो कागद पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ठेवून द्या. माझ्या त्या व्याकरणग्रंथात दुसऱ्या प्रतीवरून छापून घेतलेली सोळा पानं दोनशे चोवीसनंतर ठेवलेली आहेत, आणि ती कुठल्या ग्रंथालयाच्या प्रतीवरून घेतली ते पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय.